एका टर्मिनलची पॅकेजं किती करायची? डेबियनसाठी पायरीपायरीने

लॅपटॉपवर किटी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं, एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या साधनाने) सर्व्हरवर गेलात, तिथे 'एचटॉप' टाइप केलं आणि उत्तर आलं: 'एरर ओपनिंग टर्मिनल: एक्सटर्म-किटी'. सर्व्हर ठणठणीत आहे. किटीने आपली ओळख 'एक्सटर्म-किटी' अशी सांगितली आणि त्या नावाची नोंद सर्व्हरच्या टर्मइन्फो डेटाबेसमध्ये (कुठल्या टर्मिनलला काय काय जमतं याच्या यादीत) सापडली नाही, एवढंच झालं. त्यावरचा उपाय म्हणजे काही किलोबाइटची एक फाइल. ती फाइल किटीच्या मुख्य पॅकेजातच असती, तर तेवढ्यासाठी ग्राफिक्सच्या लायब्रऱ्या, पायथन, फॉन्टकॉन्फिग असं सगळं लटांबर एका बिनपडद्याच्या सर्व्हरवर बसवावं लागलं असतं. म्हणून डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनमध्ये 'किटी-टर्मइन्फो' नावाचं पॅकेज वेगळं आहे.

टर्मिनल आणि त्याच्या लायब्रऱ्यांचं पॅकेजिंग करायला बसलात की हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: हा तुकडा बाकीच्या तुकड्यांशिवाय, एकटा, कुणाला लागणार आहे? कुणीतरी खराखुरा डोळ्यासमोर आला तर वेगळं पॅकेज करा. 'वेगळं असलेलं बरं' एवढंच कारण असेल तर करू नका.

हा लेख डेबियनच्या पद्धतीने लिहिला आहे. उदाहरणं मुख्यतः फूट या वेलँडवर (लिनक्सच्या नव्या डिस्प्ले पद्धतीवर) चालणाऱ्या टर्मिनलच्या कुटुंबातली, शिवाय व्हीटीई (ग्नोम टर्मिनलमागची लायब्ररी), किटी, एनकर्सेस (टर्मिनलच्या पडद्यावर मांडणी करणारी लायब्ररी) आणि लिबव्हीटर्म यांची. आर्च लिनक्समध्ये हेडर फाइली (लायब्ररी वापरणारा प्रोग्रॅम बिल्ड करताना लागणाऱ्या) लायब्ररीच्याच पॅकेजात असतात, त्यामुळे खालच्यातले काही निर्णय तिथे लागू होत नाहीत. पॅकेजांची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग.

पायरी १: आधी यादी

कंट्रोल फाइल (पॅकेजांची नावं आणि गरजा लिहायची फाइल) उघडायच्या आधी प्रोग्रॅम एकदा बिल्ड करून एका रिकाम्या तात्पुरत्या डिरेक्टरीत इन्स्टॉल करा ('डेस्टडिर' देऊन) आणि 'फाइंड'ने निघालेल्या फाइलींची यादी काढा. पुढचे निम्मे निर्णय या यादीकडे बघूनच सुटतात.

फूटची यादी साधारण अशी निघते: 'फूट' आणि 'फूटक्लायंट' हे दोन प्रोग्रॅम, त्यांची आणि कॉन्फिगरेशनची मॅन पानं, बॅश, झेडशेल आणि फिशसाठी कम्प्लिशन, तीन डेस्कटॉप फाइली, आयकॉन, सिस्टमडीच्या युजर युनिट, 'फूट.आयएनआय' ही नमुना कॉन्फिगरेशन, रंगसंगतीच्या थीम, आणि 'फूट' व 'फूट-डायरेक्ट' या दोन टर्मइन्फो नोंदी.

प्रत्येक ओळीपुढे दोन खुणा करा. पहिली: ही फाइल प्रोसेसरप्रमाणे बदलते का? फूटचा बायनरी बदलतो, थीम बदलत नाही. दुसरी खूण वरच्या प्रश्नाची: ही एकटी कुणाला लागेल? कम्प्लिशन आणि डेस्कटॉप फाइलींचा फूटशिवाय कुणालाच उपयोग नाही. टर्मइन्फोचा आहे. थीमचं उत्तर वादाचं आहे, त्याकडे पुढे येऊ.

पायरी २: सोर्स पॅकेजं किती?

सोर्स पॅकेज आणि बायनरी पॅकेज यांची गल्लत नवख्या माणसाकडून हमखास होते. सोर्स पॅकेज म्हणजे मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेला टारबॉल (सगळ्या सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) आणि त्यावरचं आपलं 'डेबियन' फोल्डर. त्यातून एक किंवा अनेक बायनरी पॅकेजं निघतात. सोर्सचा नियम सरळ आहे: ज्याची आवृत्ती स्वतंत्रपणे निघते, त्याचं सोर्स पॅकेज स्वतंत्र.

फूटच्या लेखकाचे तीन प्रकल्प एकमेकांत गुंतलेले आहेत. टीएललिस्ट ही सी भाषेतली लिंक्ड लिस्टची छोटी लायब्ररी, नुसत्या हेडर फाइलीची. एफसीएफटी ही फॉन्ट शोधून त्यातली अक्षरं पिक्सेलमध्ये उतरवणारी लायब्ररी, फॉन्टकॉन्फिग, फ्रीटाइप आणि पिक्समनवर उभी. आणि तिसरं स्वतः फूट. मूळ लेखकाने सोय अशी केली आहे की टीएललिस्ट आणि एफसीएफटी मेसन या बिल्डच्या साधनाच्या 'सबप्रोजेक्ट' फोल्डरमध्ये टाकले की सगळं एकत्र बिल्ड होतं. घरी बिल्ड करणाऱ्याला ते उत्तमच. डिस्ट्रिब्युशनमध्ये मात्र हा मोह टाळायचा. एफसीएफटी फक्त फूटला लागत नाही. फझल हा अ‍ॅप्लिकेशन लाँचर आणि यामबार ही स्टेटस बार तीच लायब्ररी वापरतात. एखाद्या बिघडलेल्या फॉन्टने एफसीएफटी कोसळते असं उद्या उघड झालं, तर दुरुस्ती एका जागी व्हायला हवी, तीन जागी शोधत फिरायला लागू नये. डेबियनचं डेबहेल्पर हे पॅकेज बांधायचं साधन मेसनला 'डाउनलोड करू नकोस' असं आधीच बजावतं, त्यामुळे बिल्डच्या वेळी गुपचूप नेटवरून काही ओढलं जाण्याची भीती नाही.

तेव्हा सोर्स पॅकेजं तीन. क्रमही तोच: आधी टीएललिस्ट, मग एफसीएफटी, मग फूट. अर्काइव्हमध्ये पाठवतानाही हाच क्रम धरा, कारण पहिलं मंजूर झाल्याशिवाय दुसऱ्याचं बिल्ड तिथे होणार नाही.

किटी याच्या उलट. कोविद गोयल यांचा हा टर्मिनल (कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअरही त्यांचंच) पायथन, सी आणि गो अशा तीन भाषांत आहे, पण सगळं एकाच टारबॉलमध्ये, एकाच आवृत्तीने निघतं. भाषा तीन म्हणून सोर्स तीन करायचे नाहीत. सोर्स एकच ठेवून बायनरी पॅकेजं अनेक.

दुसऱ्याच्या सोर्सच्या पोटात ठेवलेल्या लायब्ररीच्या प्रतींची गोष्ट इथेच उरकतो. २०२१ मध्ये सीव्हीई-२०२१-३३४७७ या क्रमांकाचा सुरक्षा दोष उघड झाला. एका विशिष्ट एस्केप सीक्वेन्समुळे (टर्मिनलला आज्ञा देणाऱ्या खास अक्षरमालिकेमुळे) टर्मिनलच्या आतून कमांड चालवता येण्याची शक्यता होती. दोष निघाला आरएक्सव्हीटी-युनिकोडमध्ये, पण तोच आरएक्सव्हीटी, एमआरएक्सव्हीटी आणि ईटर्ममध्येही होता, कारण कूळ एक आणि कोड एकमेकांकडून उचललेला. लायब्ररी म्हणून वेगळा न काढलेला कोड असा घरोघरी पसरतो आणि दुरुस्ती प्रत्येक दारात जाऊन करावी लागते.

तरीही सोबतच्या प्रतीला सरसकट नाही म्हणता येत नाही. लिबव्हीटर्म ही टर्मिनलचं अंतरंग सांभाळणारी सी लायब्ररी. इमॅक्सचं व्हीटर्म मॉड्यूल ती वापरतं. व्हिमने ८.१ मध्ये आतला टर्मिनल आणला तेव्हा तिची प्रत आपल्या सोर्समध्येच घेतली, आणि बरीच वर्षं बाहेरची लायब्ररी वापरणाऱ्या निओव्हिमनेही पुढे तो कोड स्वतःकडे आणला. मूळ लायब्ररीत नसलेले बदल हवे असले की प्रकल्प असं करतात. अशा वेळी आपण जबरदस्तीने बाहेरची लायब्ररी जोडली तर वापरणाऱ्याला मिळतो तो कुणीच न तपासलेला जोड. प्रत किती बदलली आहे ते आधी 'डिफ'ने बघा. जशीच्या तशी असेल तर काढून टाका. बदललेली असेल तर ठेवा आणि 'डेबियन' फोल्डरमध्ये त्याची नोंद करा, म्हणजे सुरक्षा टीमला ती सापडेल.

टर्माइट या टर्मिनलचं घोडं इथेच अडलं होतं. त्याला मूळ व्हीटीई चालत नसे, पॅच लावलेली व्हीटीई लागे. ग्नोम टर्मिनलपासून एक्सएफसीईच्या टर्मिनलपर्यंत सगळे ज्या लायब्ररीवर चालतात, तिची दुसरी, पॅच केलेली जोडी एका प्रोग्रॅमसाठी सांभाळणं हे कुठल्याही डिस्ट्रिब्युशनच्या मेंटेनरला नकोसंच वाटणार. पुढे टर्माइटच्या लेखकांनीच वापरणाऱ्यांना अलाक्रिटीकडे जायला सांगितलं.

पायरी ३: लायब्ररीची पॅकेजं

इथे मतांना फारसा वाव नाही, डेबियन पॉलिसीचं आठवं प्रकरण स्पष्ट आहे. शेअर्ड लायब्ररीच्या पॅकेजचं नाव तिच्या सोनेमवरून (लायब्ररी फाइलमध्येच नोंदलेल्या, सुसंगततेचा आकडा असलेल्या नावावरून) ठरतं, प्रकल्पाच्या आवृत्तीवरून नाही. सोनेम बघायला 'ऑब्जडंप'ला 'पी' पर्याय देऊन लायब्ररी फाइल द्या आणि आउटपुटमध्ये 'सोनेम' ही ओळ शोधा. एफसीएफटीची आवृत्ती ३ या मालिकेतली असली तरी सोनेमचा आकडा ४ आहे. म्हणून पॅकेजचं नाव 'लिबएफसीएफटी४'. आवृत्ती बघून 'लिबएफसीएफटी३' असं नाव दिलं तर लिंटियन हे पॅकेज तपासणारं साधन तक्रार करेल आणि ती रास्त असेल. व्हीटीईत तर नावातच २.९१ हा एपीआयचा आकडा आणि सोनेम ०, म्हणून 'लिबव्हीटीई-२.९१-०'. नाव अंकावर संपतं तेव्हा मधला डॅश घालायचा.

या पॅकेजात फक्त आकडा लावलेली '.एसओ' फाइल जाते. हेडर, बिनआकड्याची सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) आणि पीकेजी-कॉन्फिगची फाइल (लायब्ररी कुठे आहे ते बिल्डला सांगणारी) '-डेव्ह' पॅकेजात. सोबत आलेले छोटे प्रोग्रॅम तिसऱ्या पॅकेजात, जसं 'लिबव्हीटर्म-बिन'. कारण साधं आहे. सोनेम बदलला की काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही लायब्रऱ्या एकाच मशीनवर नांदायला हव्यात. दोघींत एकाच जागची फाइल असली तर डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम) दुसरी बसवूच देणार नाही.

ज्या फाइलींना सोनेमचा आकडा नाही पण लायब्ररीला त्या चालताना लागतात, त्यांच्यासाठी '-कॉमन'. व्हीटीईची 'ईटीसी'खालच्या 'प्रोफाइल.डी'मधली स्क्रिप्ट हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. ती शेलच्या प्रत्येक प्रॉम्प्टबरोबर चालू डिरेक्टरी टर्मिनलला कळवते, त्यामुळे नवा टॅब त्याच डिरेक्टरीत उघडतो. डेबियन-उबंटूत या स्क्रिप्टच्या नावात २.९१ आहे, इतरत्र ती नुसती 'व्हीटीई.एसएच'. या एवढ्याशा फरकापायी टिलिक्स हा टर्मिनल वापरणाऱ्या असंख्य लोकांना हाताने सिमलिंक करावी लागली आहे. नाव बदलताना ते कोण कोण गृहीत धरतं, हे आधी बघितलेलं बरं.

व्हीटीईचं सोर्स एकच असलं तरी जीटीके (खिडक्या आणि बटणं काढणारी लायब्ररी) ३ साठी आणि जीटीके ४ साठी अशा दोन लायब्रऱ्या त्यातून निघतात. दोन्हींची पॅकेजं वेगळी, कारण जीटीके ३ चा टर्मिनल बसवणाऱ्याच्या गळ्यात जीटीके ४ का मारायचं? शिवाय 'जीआयआर'चं, म्हणजे पायथनसारख्या भाषांना ही लायब्ररी वापरू देणारं पॅकेज आहे. टर्मिनेटर आणि ग्वाके हे पायथनमधले टर्मिनल त्याच्यावर चालतात. सीमध्ये लिहिणाऱ्याला त्याची गरज नाही. एनकर्सेसमध्येही हेच दिसतं. टर्मइन्फो वाचणारा भाग 'लिबटिनफो६' म्हणून वेगळा आहे, कारण बॅशला पडद्यावर खिडक्या काढायच्या नसतात, टर्मिनलची क्षमता तेवढी विचारायची असते.

टीएललिस्टसारख्या नुसत्या हेडरच्या लायब्ररीला '-डेव्ह' हे एकच पॅकेज पुरतं आणि ते 'आर्किटेक्चर: ऑल' (सगळ्या प्रोसेसरसाठी एकच) करता येतं. फक्त पीकेजी-कॉन्फिगची फाइल 'यूएसआर-शेअर'खाली गेली आहे ना, ते बघा. आर्किटेक्चरच्या नावाच्या 'लिब' डिरेक्टरीत गेली तर ज्या प्रोसेसरवर बिल्ड झालं तो सोडून बाकीच्यांना ती सापडणार नाही.

रस्ट भाषेचं सगळंच निराळं. अलाक्रिटी या टर्मिनलचा गाभा 'अलाक्रिटी-टर्मिनल' या क्रेटमध्ये (रस्टच्या कोडच्या गठ्ठ्यात) आहे, पण रस्टच्या क्रेटची सहसा शेअर्ड लायब्ररी काढत नाहीत. डेबियनमध्ये क्रेटचा सोर्सच 'लिबरस्ट-…-डेव्ह' या नावाने पॅकेज होतो आणि बिल्डच्या वेळी थेट प्रोग्रॅममध्ये मुरतो. क्रेटमध्ये दुरुस्ती झाली की त्यावरचे सगळे प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करायचे. आणि एक सावधगिरी: अलाक्रिटी वापरते ती 'व्हीटीई' क्रेट आणि ग्नोमची व्हीटीई यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डसाठी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) चुकीची व्हीटीई घालणारे लोक असतात.

पायरी ४: बिल्डचे पर्याय, म्हणजेच मराठी नीट दिसणार की नाही

पॅकेजांची विभागणी कितीही छान झाली तरी ही पायरी चुकली तर आपल्याला त्याचा थेट फटका बसतो. 'क्षत्रिय' किंवा 'विद्यार्थी' टर्मिनलमध्ये नीट दिसायचं तर अक्षरांचे गट ओळखावे लागतात आणि फॉन्टमधून जोडाक्षर उचलावं लागतं. एफसीएफटीत या दुसऱ्या कामासाठी 'ग्राफीम-शेपिंग' हा पर्याय आहे, त्याला हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी लागते. सलग मजकुराच्या शेपिंगचा पर्याय वेगळा, त्याला तिच्याबरोबर यूटीएफ८प्रॉक ही युनिकोडची लायब्ररीही लागते. पहिल्या कामासाठी फूटमध्ये 'ग्राफीम-क्लस्टरिंग' हा तिसरा पर्याय.

खाच अशी की हे तिन्ही पर्याय मेसनच्या 'ऑटो' प्रकारचे आहेत. डिपेंडन्सी सापडली तर चालू, नाही तर मुकाट्याने बंद. तुमच्या लॅपटॉपवर हार्फबझची डेव्ह फाइल आधीच असते, म्हणून सगळं नीट दिसतं. स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी काही न बसवलेल्या, वेगळ्या काढलेल्या सिस्टिममध्ये) बिल्ड-डिपेंड्समध्ये ती लिहायची राहिली असेल तर बिल्ड यशस्वी होतं, चाचण्या पास होतात आणि वापरणाऱ्याला हलंत दिसणारी तुटकी अक्षरं मिळतात. त्यामुळे 'रूल्स' फाइलमध्ये तिन्ही पर्याय स्पष्टपणे 'एनेबल्ड' करा. मग डिपेंडन्सी नसेल तर बिल्ड तिथेच मोडेल, आणि ते मोडायलाच हवं.

सगळं चालू केलं तरी देवनागरी पूर्ण सुधारत नाही, हेही सांगून ठेवतो. जोडाक्षराचे घटक एकाच गटात धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. शिवाय टर्मिनलला प्रत्येक गटाची रुंदी चौकटींमध्ये मोजावी लागते, आणि टर्मिनल, शेल व एडिटर या तिघांचा हिशेब जुळला नाही की कर्सर अक्षराच्या मधोमध जाऊन बसतो. ते पॅकेजिंगने सुटणारं दुखणं नाही. पण निदान आपल्या बाजूने शेपिंग बंद राहू नये.

पायरी ५: टर्मइन्फो, सगळ्यात जास्त डोकेदुखी

डेबियनमध्ये टर्मइन्फोच्या नोंदी दोन पॅकेजांत विभागल्या आहेत. 'एनकर्सेस-बेस' हे 'इसेन्शियल' असल्यामुळे प्रत्येक मशीनवर असतंच. त्यात लिनक्स कन्सोल, एक्सटर्म, स्क्रीन, टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्रॅम), व्हीटी१०० अशा मोजक्या नोंदी असतात. बाकीचा मोठा संग्रह 'एनकर्सेस-टर्म'मध्ये. हा मूळ डेटाबेस सांभाळतात थॉमस डिकी, जे १९९६ पासून एक्सटर्मही सांभाळत आहेत.

तुमच्या टर्मिनलने स्वतःची टर्मइन्फो आणली की पहिला प्रश्न: ही नोंद 'एनकर्सेस-टर्म'मध्ये आधीच आहे का? फूटची आहे, ३१ जुलै २०२१ च्या एनकर्सेसपासून. मग फूटने आपलीही नोंद त्याच जागी टाकली तर बसवताना डीपीकेजी म्हणतं, 'ही फाइल एनकर्सेस-टर्म या पॅकेजातही आहे', आणि पुढे जायला नकार देतं. इथे 'रिप्लेसेस' लिहून दुसऱ्याची फाइल हिसकावू नका; दुसऱ्या दिवशी एनकर्सेस अपडेट झालं की तोच गोंधळ पुन्हा.

मग रस्ते तीन उरतात.

एक, स्वतःची नोंद बंद ठेवायची आणि एनकर्सेसची वापरायची. यात गमावतो ते एवढंच की फूटच्या स्वतःच्या नोंदीत काही प्रमाणबाह्य क्षमता जास्त आहेत. त्या नसल्या तर टीमक्समध्ये पूर्ण रंग दिसण्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ हाताने लिहावी लागते.

दोन, नोंद वेगळ्या नावाने द्यायची, समजा 'फूट-एक्स्ट्रा'. मशीनवर छान चालतं. पण एसएसएचने कुठेही गेलात की तिथे हे नाव कुणाच्याच ओळखीचं नसतं, आणि लेखाच्या सुरुवातीचा एरर आपण स्वतःच्या हाताने ओढवून घेतो.

तीन, नोंद वेगळ्या डिरेक्टरीत ठेवून 'टर्मइन्फो' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावायचं. सूडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारं साधन) ते व्हेरिएबल काढून टाकतं. कंटेनरमध्ये ते पोचलं तरी ती डिरेक्टरी तिथे नसते. वरवर सगळ्यात हुशार वाटणारा हा रस्ता प्रत्यक्षात सगळ्यात ठिसूळ आहे.

माझं मत निःसंशय पहिल्याच्या बाजूने. फूटने 'एनकर्सेस-टर्म'वर डिपेंड करावं आणि टीमक्सची ती ओळ 'रीडमी.डेबियन'मध्ये सांगावी. एनकर्सेसच्या फूट-नोंदीत जो काही फरक उरतो, तो तिथेच दुरुस्त करून घेतला तर सगळ्याच डिस्ट्रिब्युशनना मिळतो.

एनकर्सेसमध्ये नोंद नसेल, किंवा किटीसारखं स्वतःचं नाव आणि स्वतःच्या क्षमता असतील, तर मात्र वेगळं '-टर्मइन्फो' पॅकेज हवंच. ते 'आर्किटेक्चर: ऑल' ठेवा, कम्पाइल केलेल्या टर्मइन्फोचा बाइटक्रम ठरलेला असतो, प्रोसेसरप्रमाणे बदलत नाही. दुसऱ्या आर्किटेक्चरच्या पॅकेजांनाही ते चालावं म्हणून 'मल्टि-आर्च: फॉरेन' लिहा. डिपेंडन्सी एकही नको. मुख्य पॅकेज याच्यावर डिपेंड करेल, हे मुख्य पॅकेजवर कधीच नाही. उलटं लिहिलं तर वेगळं करण्यामागचा हेतूच बुडाला. आणि कोट्यवधी रंगांच्या '-डायरेक्ट' प्रकारच्या नोंदींना मोठे आकडे लागतात, ते एनकर्सेस ६.१ पासून (२०१८) वाचता येतात. त्याहून जुन्या सर्व्हरवर त्या नोंदीचा उपयोग नाही.

पायरी ६: प्रोग्रॅम आणि बाकीचं सामान

फूट आणि फूटक्लायंट एकाच पॅकेजात ठेवा. फूटक्लायंट सॉकेटवरून आधी चालू असलेल्या फूट सर्व्हरशी बोलतो, आणि दोघांची भाषा आवृत्तीगणिक बदलू शकते. वेगळे केले तर 'अगदी हीच आवृत्ती' अशी अट घालावी लागेल, आणि अशी अट घालावी लागणारी दोन छोटी पॅकेजं म्हणजे मुळात एकच पॅकेज.

थीमचा वाद. डेबियनमध्ये 'फूट-थीम्स' वेगळं आहे. मी केलं नसतं. त्या मजकुराच्या छोट्या फाइली आहेत आणि फूटशिवाय त्यांचं काही होत नाही. किटीचं 'किटी-डॉक' वेगळं असणं पटतं, कारण एचटीएमएल डॉक्युमेंटेशन आकाराने भरतं आणि बहुतेक लोक ते वेबवरच वाचतात. 'किटी-शेल-इंटिग्रेशन'ही पटतं, कारण तुम्ही जिथे लॉगिन करता त्या मशीनवर ते किटीशिवायही उपयोगी पडतं.

वेगळं पॅकेज फुकट मिळत नाही, हे विसरायचं नाही. प्रत्येक बायनरी पॅकेजची नोंद पॅकेजेस इंडेक्समध्ये जाते आणि 'एपीटी अपडेट' करणारा जगातला प्रत्येक माणूस ती उतरवतो, मग टर्मिनल वापरो न वापरो. नव्या नावाचं प्रत्येक बायनरी पॅकेज 'न्यू' रांगेत जातं, तिथे एफटीपीमास्टर (अर्काइव्ह सांभाळणारी टीम) ते तपासतात. म्हणजे नंतर हौसेने एक तुकडा वेगळा काढला तर तेवढ्यासाठी तुमची नवी आवृत्ती अडकून राहते. म्हणून विभागणी पहिल्याच अपलोडला नीट ठरवा.

नंतर फाइल हलवावीच लागली तर कागदपत्रं चोख ठेवा. समजा १.१३-२ मध्ये थीम मुख्य पॅकेजातून 'फूट-थीम्स'मध्ये हलवल्या. तर 'फूट-थीम्स'मध्ये 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' ही दोन्ही फील्ड हवीत, दोन्हींत 'फूट, १.१३-२ पेक्षा जुनं'. नुसतं 'रिप्लेसेस' लिहिलं तर फाइल बदलेल, पण अर्धवट अपग्रेड झालेलं मशीन विचित्र अवस्थेत राहू शकतं.

पायरी ७: 'एक्स-टर्मिनल-एम्युलेटर'

इतर प्रोग्रॅमना 'कुठलाही एक टर्मिनल' हवा असतो, तेव्हा ते या आभासी नावाने मागतात. हे नाव घ्यायचं तर पॉलिसीच्या ११.८.३ मधल्या अटी पाळाव्या लागतात: व्हीटी१०० किंवा त्याच्याशी जुळणारं एम्युलेशन, '-ई' पर्यायाने कमांड चालवणं, आणि कॅपिटल '-टी'ने शीर्षक देणं. मग 'प्रोव्हाइड्स' लिहायचं आणि अल्टर्नेटिव्ह्जमध्ये (एकाच कामाच्या अनेक प्रोग्रॅममधून एक निवडणाऱ्या यंत्रणेत) २० प्राधान्याने नोंदवायचं. टर्मिनलचे पर्याय या साच्यात बसत नसतील तर मधे रॅपर स्क्रिप्ट घालतात. ग्नोम टर्मिनल आणि एक्सएफसीई टर्मिनल या दोघांनाही तशी आहे. फूटला ती लागत नाही. तो '-ई' स्वीकारून नुसता सोडून देतो आणि पुढचे शब्द कमांड म्हणून घेतो, परिणाम तोच.

अडचण अशी की पॉलिसीतलं वर्णन एक्स विंडो सिस्टिमसाठी लिहिलेलं आहे आणि फूट फक्त वेलँडवर चालतो. एखाद्याने एक्सच्या सत्रात लॉगिन केलं आणि अल्टर्नेटिव्ह्जने आपोआप फूट निवडला, तर टर्मिनल उघडणारच नाही. असा टर्मिनल नोंदवायचाच असेल तर माझ्या मते प्राधान्य २० च्या खाली ठेवावं, म्हणजे शेजारी एक्सटर्म असेल तिथे तोच निवडला जाईल.

पायरी ८: तपासणी

'एसबिल्ड'ने स्वच्छ क्रूटमध्ये बिल्ड करा. बिल्डचा लॉग वाचताना मेसनचा शेवटचा सारांश बघा, शेपिंगचे पर्याय खरोखर चालू झाले का ते तिथेच कळतं. मग लिंटियन, मग 'प्युपार्ट्स': बसवणं, जुन्यावरून अपग्रेड, पर्ज. फाइल हलवली असेल तर अपग्रेडची चाचणी टाळू नका.

त्यापुढची चाचणी कुठलंच साधन आपोआप करून देत नाही. प्रत्येक पॅकेज ज्या माणसासाठी वेगळं काढलं, त्याच्या जागी बसून बघा. रिकाम्या डेबियन कंटेनरमध्ये फक्त '-टर्मइन्फो' पॅकेज बसवा. एपीटीने दुसरं एकही पॅकेज मागितलं तर डिपेंडन्सी चुकली. मग 'इन्फोसीएमपी'ला टर्मिनलचं नाव देऊन नोंद छापली जाते का पाहा. दुसऱ्या रिकाम्या कंटेनरमध्ये सी कम्पायलर आणि फक्त '-डेव्ह' बसवून दहा ओळींचा सी प्रोग्रॅम कम्पाइल करा. '-डेव्ह' पॅकेज दुसऱ्या एखाद्या '-डेव्ह'वर डिपेंड करायचं राहिलं असेल तर इथे पकडलं जातं. तिसऱ्यात फक्त टर्मिनल बसवून 'विद्यार्थी' लिहून बघा.

शेवटी डिस्क्रिप्शन. '-टर्मइन्फो' पॅकेजच्या वर्णनात 'किटीसाठी टर्मइन्फो फाइली' एवढंच लिहून थांबू नका. ते पॅकेज शोधणाऱ्याच्या समोर एरर असतो, किटीची माहिती नसते. तेव्हा वर्णनात स्पष्ट लिहा: ज्या मशीनवर तुम्ही एसएसएचने लॉगिन करता, तिथे हे बसवा. आणि तिथे रूटचे अधिकार नसतील तर आपल्या मशीनवर 'इन्फोसीएमपी -एक्स'चं आउटपुट एसएसएचमधून पलीकडच्या 'टिक -एक्स'ला (नोंद कम्पाइल करणाऱ्या कमांडला) पाइप केलं की नोंद तिथल्या आपल्या होम डिरेक्टरीत बसते, हेही एका ओळीत सांगता येतं.